रहस्य कुणाचं, बदनामी कुणाची

जुन्या काळातल्या नट-नट्यांच्या भानगडीवर रहस्यपट निघाला की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला असतो : ती कुणाबरोबर होती? खून कुणी केला, हे दुसऱ्या नंबरावर. पैसा कुणाचा होता, हे तर कुणी विचारतच नाही. माझं भांडण या क्रमाशी आहे. मी चंद्रपुरातून लिहितो. इथून मूल-सावलीच्या वाटेनं वैनगंगा ओलांडली की गडचिरोली, आणि या सगळ्या झाडीपट्टीत दिवाळीपासून होळीपर्यंत रात्र-रात्र नाटकं चालतात. त्यामुळे हा प्रश्न मला शंभर वर्षांपूर्वीचा वाटत नाही. तो यंदाच्या हंगामाचा आहे.

सिनेमाच्या बालपणातल्या भानगडी अमेरिकेनं पुरेपूर वापरल्या. नोव्हेंबर १९२४ मध्ये वृत्तपत्रसम्राट विल्यम रँडॉल्फ हर्स्टच्या नौकेवर पाहुणा म्हणून गेलेला निर्माता थॉमस इन्स आजारी होऊन उतरला आणि लगेच मेला. कागदोपत्री कारण हृदयविकाराचं. कुजबुज अशी की, मॅरियन डेव्हिस या नटीवरून हर्स्टनं चार्ली चॅप्लिनवर गोळी झाडली आणि ती लागली इन्सला. पीटर बोग्दानोविचनं २००१ मध्ये ‘द कॅट्स म्याव’ हा रहस्यपट याच कुजबुजीवर उभा केला. चित्रपट चांगला आहे. पण गोळी झाडली गेली की नाही, यापेक्षा मला दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. ज्याच्या मालकीची वर्तमानपत्रं, त्याच्याच नौकेवर काय घडलं हे छापणार कोण?

त्याआधी, फेब्रुवारी १९२२ मध्ये, दिग्दर्शक विल्यम डेस्मंड टेलरचा लॉस एंजलिसमधल्या राहत्या घरी खून झाला. खुनी आजवर सापडलेला नाही. मेबल नॉर्मंड आणि मेरी माइल्स मिंटर या दोन नट्यांची नावं मात्र त्याच्याशी जोडली गेली, रोजच्या रोज छापून आली, आणि दोघींची कारकीर्द घसरली. खटला कुणावरही चालला नाही. शिक्षा दोघींनी भोगली.

मुंबईचं उदाहरण याहून जळजळीत. १२ जानेवारी १९२५. मलबार हिलवर अब्दुल कादर बावला या श्रीमंत व्यापाऱ्याची मोटार अडवून त्याला गोळ्या घातल्या. सोबत मुमताज बेगम होती, इंदूरच्या होळकर दरबारातून निसटलेली नर्तकी. हल्लेखोरांना ती हवी होती. तिच्या तोंडावर वार झाले. गोल्फ खेळून परतणारे इंग्रज लष्करी अधिकारी योगायोगानं तिथं पोचले, म्हणून ती वाचली. मुंबई उच्च न्यायालयात खटला गाजला, एका आरोपीच्या बचावाला बॅरिस्टर जिना उभे राहिले, तिघांना फाशी सुनावली गेली. तुकोजीराव होळकरांनी चौकशीला सामोरं जाण्याऐवजी फेब्रुवारी १९२६ मध्ये गादी सोडली. आणि कोहिनूर फिल्म कंपनीनं १९२५ सालातच या प्रकरणावर ‘कुलीन कांता’ हा मूकपट काढूनही टाकला, होमी मास्तरांच्या दिग्दर्शनाखाली.

लोकांच्या तोंडी मुमताज बेगम काय म्हणून राहिली? ‘जिच्यापायी राज्य गेलं ती.’ चूक आहे हे. राज्य गेलं ते गुन्ह्याचा माग दरबाराच्या दारापर्यंत पोचला म्हणून. चेहऱ्यावरचे वण घेऊन ती बाई कोर्टात साक्षीला उभी राहिली. त्या सबंध प्रकरणात धीट माणूस कोण होतं, असं विचारलंत तर माझं उत्तर तिचंच नाव.

आता खुद्द सिनेमावाल्यांकडे येऊ. हिमांशू राय आणि देविकाराणी या नवरा-बायकोनं १९३४ मध्ये मालाडला बॉम्बे टॉकीज उभारली. तिथला पहिला चित्रपट १९३५चा ‘जवानी की हवा’, दिग्दर्शक फ्रान्झ ऑस्टेन हा जर्मन. तो रहस्यपटच होता. लग्नाच्या दिवशी नायिका आपल्या प्रियकराबरोबर आगगाडीनं निघून जाते, आणि गाडीत खून होतो. नायिका देविकाराणी, नायक नज्मुल हसन. पुढं ‘जीवन नैया’चं काम चालू असताना ही दोघं खरोखरीच कलकत्त्याला निघून गेली. शशधर मुखर्जींनी मध्यस्थी करून देविकाराणीला परत आणलं. नज्मुलला दार बंद झालं, आणि त्याच्या जागी स्टुडिओच्या लॅबोरेटरीत काम करणाऱ्या एका लाजाळू तरुणाला उभं केलं. तो अशोककुमार. १९३६ मध्ये ‘अछूत कन्या’ आला आणि हा तरुण घराघरांत पोचला. सआदत हसन मंटोनं अशोककुमारवर लिहिताना ही सगळी हकीकत मोकळेपणानं सांगितली आहे.

याच हकिकतीवरून विक्रमादित्य मोटवानेची ‘जुबिली’ ही मालिका २०२३ मध्ये आली. मालिकेत त्या नायकाचा जीव जातो. खरा नज्मुल हसन जगला, पुढं पाकिस्तानात गेला, तिथल्या चित्रपटांत दिसला. रहस्यकथेला प्रेत लागतं, हे मला मान्य आहे. तरी या प्रकरणातलं खरं रहस्य प्रेताविनाच उभं राहतं. मालकाची बायको, स्टुडिओची नायिका आणि सगळ्या कंपनीच्या पोटापाण्याचा आधार, अशा तीन जबाबदाऱ्या एकाच बाईच्या डोक्यावर होत्या. ती निघून का गेली, आणि कोणत्या अटींवर परतली? हिमांशू राय १९४०मध्ये गेले. त्यानंतर १९४५ पर्यंत स्टुडिओ चालवला तो तिनं. १९४४च्या ‘ज्वार भाटा’त दिलीपकुमारला पहिली संधी मिळाली ती तिच्याच कारकिर्दीत. दादासाहेब फाळके पुरस्कार सुरू झाला तेव्हा पहिली मानकरी तीच. गप्पांमध्ये मात्र देविकाराणी अजून कलकत्त्याच्या गाडीतच बसलेली आहे.

‘जवानी की हवा’च्या वेळी आणखी एक वादळ झालं होतं, आणि ते आज फार कुणाला आठवत नाही. संगीत दिलं होतं सरस्वतीदेवींनी. मूळ नाव खुर्शीद होमजी. पारशी घरातली मुलगी सिनेमात काम करते म्हणून तिच्या समाजातून विरोध झाला, नाव बदलावं लागलं. तिचा अपराध काय, तर चाली बांधणं.

मराठीतही हीच गत. दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमला १९१३ मध्ये दादासाहेब फाळक्यांच्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये उभ्या राहिल्या, तेव्हा बाईनं कॅमेऱ्यापुढं येणं हेच पाप होतं. ‘राजा हरिश्चंद्र’मधली तारामती अण्णा साळुंके या पुरुषाला करावी लागली होती. आपण आजवर काढलेले जुन्या कलावंतांवरचे चित्रपट आठवा : ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’, ‘बालगंधर्व’, ‘एक अलबेला’, ‘आणि... डॉ. काशिनाथ घाणेकर’. मला यांतले काही मनापासून आवडतात. पण चारही चित्रपट पुरुषांचे. त्यांच्यासमोर उभ्या राहिलेल्या बायकांचा हिशेब कोण मांडणार?

तो त्या बायकांनीच मांडून ठेवलाय. ‘कुंकू’मध्ये म्हाताऱ्या नवऱ्याला धुडकावणाऱ्या शांता आपटेनं १९३९ मध्ये पुण्यात प्रभातच्या फाटकाशी उपोषण केलं. प्रश्न कराराचा होता. देशातल्या सर्वांत नावाजलेल्या कंपनीच्या दारात एक नटी स्वतःच्या कामाच्या अटी मागत बसते, हे दृश्य कुठल्याही खुनाहून नाट्यमय आहे. पुढच्याच वर्षी तिनं ‘जाऊ मी सिनेमात?’ हे पुस्तक लिहून या धंद्याची आतली बाजू मांडली. यावर मराठीत चित्रपट निघावा, असं मला फार वाटतं.

आणि हंसा वाडकर. घर चालवायचं म्हणून कोवळ्या वयात कॅमेऱ्यापुढं उभी केलेली मुलगी. १९५९च्या ‘सांगत्ये ऐका’ या तिच्या चित्रपटानं पुण्यात १३१ आठवडे मुक्काम ठोकला. त्याच नावाचं तिचं आत्मकथन अरुण साधूंच्या शब्दांकनातून आलं, आणि त्यावर आधारलेल्या श्याम बेनेगलांच्या ‘भूमिका’साठी स्मिता पाटीलला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. आत्मकथन आलं तेव्हा कुणाकुणाशी काय झालं, याचीच चर्चा जास्त रंगली. तिच्या कमाईवर किती माणसं जगली, याची चर्चा कमी. ‘भूमिका’त तिचा नवरा तिच्या कामाचे सौदे ठरवतो आणि तिच्यावर संशयही घेतो. बेनेगलांनी नेमकं दुखणं पकडलं होतं.

आता आमच्याकडं या. झाडीपट्टी रंगभूमी ही या दोन जिल्ह्यांची, आणि भंडारा-गोंदियाचीही, खरी चित्रनगरी. दंडार आणि खडी गंमत या लोकनाट्यांच्या पोटातून ती आली. मंडईची जत्रा भरली, बैलांच्या शर्यतीचा शंकरपट लागला की गावात नाटक हवंच. देसाईगंज म्हणजे वडसा हे तिचं केंद्र. तिथं नाट्यकंपन्या, तिथं तारखा ठरतात, तिथून ट्रक भरून नेपथ्य निघतं. खेळ रात्री दहाच्या सुमारास सुरू होतो आणि कोंबडं आरवेपर्यंत चालतो. कडाक्याच्या थंडीत अंगावर घोंगडी घेऊन लोक बसून असतात. गुरनोलीच्या परशुराम खुणेंना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा प्रत्येक गावाला आपल्याच घरात सन्मान आल्यासारखं वाटलं. तृषांत इंगळेच्या ‘झॉलीवूड’नं २०२२ मध्ये ही दुनिया पडद्यावर नेली. हे सारं अभिमानाचं.

एके काळी इथंही लुगडी नेसून पुरुषच उभे राहत. आता नागपूरहून, पुण्या-मुंबईहून नट्या येतात, आणि झाडीतल्या मुलीही उभ्या राहतात. त्या पोस्टरवर असतात म्हणून तिकीट खपतं. खेळाचा मोबदला ‘नाईट’वर ठरतो, अन् बहुतेकदा तोंडी. एक नाटक संपवून दुसऱ्या गावाकडं मोटार निघते ती पहाटेच्या अंधारात, जंगलातल्या रस्त्यानं. उतरायचं कुठं, कपडे बदलायचे कुठं, हे गावागणिक बदलतं. आणि सकाळी पानठेल्यावर चर्चा काय चालते? भूमिका कशी वठली, याची थोडी. कुणाबरोबर आली आणि कुणाबरोबर गेली, याची भरपूर.

मुंबईत १९२५ मध्ये जी कुजबुज विकली गेली, तीच ही. फक्त इथं तिला वर्तमानपत्र लागत नाही.

म्हणून या विषयावर रहस्यपट लिहिणाऱ्यांना माझं सांगणं सरळ आहे. तपास करणाऱ्याला पलंगाखाली वाकवू नका. त्याला कंपनीची वही उघडू द्या. कुणाला किती ठरलं, किती मिळालं, तारीख रद्द झाली तेव्हा पैसे कुणाचे बुडाले, करार कुणाच्या नावावर होता, सही कुणाची होती. शांता आपटेच्या उपोषणापासून ‘भूमिका’तल्या नवऱ्यापर्यंत प्रत्येक प्रकरणाची किल्ली तिथंच आहे. आणि कथानक शोधायला मालाडला जायचं कारण नाही, झाडीत या.

पडद्याबाहेरही हाच प्रश्न आहे. केरळात २०१७ मध्ये एका अभिनेत्रीवर हल्ला झाला, त्यानंतर न्यायमूर्ती हेमा यांची समिती नेमली गेली. समितीनं २०१९ मध्ये अहवाल दिला. तो लोकांपुढं यायला ऑगस्ट २०२४ उजाडलं. एवढ्या मोठ्या चित्रपटसृष्टीत ही दिरंगाई, तर आमच्या फिरत्या कंपन्यांकडं बघायला कोण येणार? म्हणून वाट पाहू नये. २०१३चा कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा नाट्यकंपनीलाही लागू होतो. दहा किंवा अधिक माणसं कामाला असतील तर कंपनीत अंतर्गत समिती हवी. त्याहून लहान कंपनी असेल किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल, तर जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. ती कुठं बसते, तिच्याकडं कसं जायचं, हे रात्री दोन वाजता मेकअप उतरवणाऱ्या मुलीला कळायला हवं.

चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या जिल्हाधिकाऱ्यांनी यंदाचा हंगाम सुरू व्हायच्या आत त्या समितीचा पत्ता आणि फोन नंबर प्रत्येक तंबूच्या तिकीटखिडकीवर आणि रंगपटात लावायला सांगावा. कंपनीवाल्यांनी प्रत्येक कलावंताला, बाई असो की पुरुष, लेखी करार द्यावा. एक पान पुरतं. आणि वाचकहो, नाटक पाहून घरी परतताना कुणी नटीबद्दल काहीबाही सांगू लागलाच, तर त्याला तिथंच थांबवून एवढं विचारा : कालची नाईट तिच्या हातात पडली का?