पऱ्या बुजवणाऱ्या शेजाऱ्यांस

मिरजोळ्यात आमच्या खालच्या अंगाला आपण जागा घेतलीत, तिला चिऱ्याचा भक्कम गडगा घातलात आणि मध्ये येणारा पऱ्या डबर-माती लोटून सपाट केलात, याबद्दल आमच्या वाडीतर्फे जाहीर आभार. पावसाळा सरला की कोरडा पडणारा चर तो. आपल्यासारख्या दूरदृष्टीच्या माणसाने त्याची गय का करावी?

आपल्या कृपेने यंदा पाणी आमच्याकडेच मुक्कामाला राहिले. रत्नागिरीचा पाऊस वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या पुढचा. जांभा तो पिऊन घेतो, पण खाली चिकट माती लागली की पाणी अडते आणि आडवे सरकत उतार गाठते. तो उतार आपण बुजवलात. आषाढात वाडीभर उपळ फुटले. पोफळींच्या बुंध्यांशी पाणी हटेना.

आमच्या तळ्यावर तर आपला विशेष लोभ. जांभ्यात पाणी ठरत नाही, म्हणून त्याला प्लास्टिकचे अस्तर घातले आहे. जमिनीतले पाणी तळ्यातल्या पाण्याहून वर चढले आणि अस्तराखाली शिरले. भर पावसात तळ्याच्या मधोमध काळा प्लास्टिकचा फुगवटा वर आला. कमळाची कुंडी कलंडली, पाणी काठावरून सांडले आणि गप्पी मासे चिखलात तडफडू लागले. इतक्या जवळून मासे दाखवल्याबद्दल मुलेही आपली ऋणी आहेत.

त्यावर आपण गडग्यापलीकडून सल्ला दिलात, "पंप लावा, तळं उपसून टाका." केवढी ही आपुलकी! आतले पाणी हेच अस्तरावरचे वजन. ते उपसले की अस्तर आणखी उचलते. सिमेंटची रिकामी टाकीसुद्धा अशा वेळी जमिनीतून वर येते. म्हणून आम्ही तळे काठोकाठ भरलेले ठेवले आणि काठ उंच केला. आता पाऊस ओसरल्यावर भोवतीने तळाहून खोल चर खणून त्यात खडी आणि भोकांचा पाईप घालणार आहोत. पाईपचे तोंड उताराला काढावे लागते. उताराला आपण आहात.

आपल्याला कागदोपत्री कामाची आवड, म्हणून एक कागद सुचवतो. मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६, कलम ५. शेतीच्या किंवा झाडांच्या जमिनीवर पडणाऱ्या अथवा उगवणाऱ्या पाण्याची नैसर्गिक वाट बेकायदा अडवली, तर तो अडथळा काढायला लावण्याचा अधिकार तहसीलदारांना आहे. दावा अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत लावायचा असतो. आम्ही फोटो काढून ठेवले आहेत.

तरी विनंती अशी की, आपण ती माती उचलावी आणि गडग्याला पाण्यापुरती मोरी ठेवावी. गवंडी आम्ही पाठवतो, मजुरीही आम्ही देतो.

आणि वाचकहो, तुमच्या शेजारचा पऱ्या कोणी बुजवत असेल तर पुढच्या पावसाची वाट पाहू नका. तोवर सहा महिने उलटून गेलेले असतात.

आपला,
वरच्या अंगाचा शेजारी