पर्मनंट आसा काय?

मालवण तालुक्यात पत्रिकेतल्या मंगळाला हल्ली कोणी फारसं घाबरत नाही. दहशत आहे ती एकाच प्रश्नाची: ‘झील पर्मनंट आसा काय?’ मुलीचा बाप हा प्रश्न चहाचा कप उचलायच्या आधी विचारतो. उत्तर मनासारखं आलं नाही, तर चहावर साय धरते.

समजा, मुलगा तारकर्लीला पर्यटकांना स्कूबा डायव्हिंग करवतो. नाताळच्या आठवड्यात त्याची कमाई बघून तलाठ्यालाही हेवा वाटावा. पण बापाचा पुढचा प्रश्न तयार असतो, ‘मगे पावसात काय खातलो?’ प्रश्न चूक नाही. मे सरता सरता जलक्रीडा बंद होतात, त्या सप्टेंबर उजाडेपर्यंत. यांत्रिक होड्यांच्या मासेमारीला 1 जून ते 31 जुलै बंदी. दशावतारी कंपन्यांचे पेटारेही पावसाआधी घरी परततात. खुद्द समुद्र जिथे बारमाही कामावर नाही, तिथे जावई तेवढा बारमाही लागतो.

लॅपटॉपवाल्याची गत याहून वाईट. टाळेबंदीत पुण्याहून देवगडला आलेला हा इसम परत गेलाच नाही. रेंजसाठी सड्यावर जाऊन बसतो आणि परदेशातल्या दुकानदारांच्या वेबसाइटी बांधतो. ‘फ्रीलान्स करतो,’ असं त्याने नम्रपणे सांगितलं की बाप बायकोकडे वळून भाषांतर करतो, ‘म्हंजे घराक बसता!’ दिल्लीच्या संसदेने 2020 सालच्या सामाजिक सुरक्षा संहितेत ‘गिग कामगार’ नावाची जमात मान्य केली. आमच्याकडे तिच्याशी अजून रोटीबेटी व्यवहार सुरू झालेला नाही.

गंमत अशी, की या किनाऱ्याने पगार नावाची वस्तू फार उशिरा पाहिली. रापणीत पगार नसतो, वाटा असतो. सगळ्यांनी मिळून जाळं ओढायचं; मासळी लागली तर वाटे घालायचे, नाही लागली तर समुद्राच्या नावाने बोटं मोडत घरी जायचं. दशावतारी नटाचा हिशोब नाइटवर. लिहिलेली संहिता नाही, रिहर्सल नाही, रात्रभर इंद्राच्या सिंहासनावर बसून स्वतःच्या डोक्यातून संवाद काढायचे आणि उजाडलं की पुढच्या गावाची वाट धरायची. याला कोणी ‘क्रिएटिव्ह फ्रीलान्सर’ म्हटलं नाही म्हणून त्याचं लग्न अडलं नाही.

मग आमच्या डोक्यात पर्मनंट शिरलं कुठून? गिरणीतून. लालबाग-परळला गेलेला आमचा चाकरमानी सुरुवातीला ‘बदली’ असायचा. रोज सकाळी गिरणीच्या फाटकावर उभं राहायचं. कोणी गैरहजर असेल तर काम, नाही तर खोलीवर परत. अशी वर्षं काढल्यावर कधीतरी पर्मनंट व्हायचा आणि मग मनीऑर्डरीच्या जोरावर गावच्या घरावर नळे चढायचे. 18 जानेवारी 1982 रोजी संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. तो संप रीतसर मागे घेतल्याचं आजतागायत कोणी जाहीर केलेलं नाही, म्हणजे गिरणगावात पर्मनंट झालं ते तेवढंच.

मुंबईने दगा दिला तेव्हा आम्ही सरकारला शरण गेलो. सरकारने 1 नोव्हेंबर 2005 पासून चिकटलेल्यांची जुनी पेन्शन काढून घेतली. ती परत मागायला मार्च 2023 मध्ये राज्यभरचे कर्मचारी रस्त्यावर उतरले. त्याच वर्षी सप्टेंबरात सरकारने बाहेरच्या कंपन्यांमार्फत कंत्राटी भरतीचा जीआर काढला आणि ऑक्टोबरात रद्द केला. बिचारा जीआरसुद्धा प्रोबेशनवरच गेला.

तरी जो पर्मनंट आहे, त्याचं तरी पगारात भागतं का? सरकारी नोकराने परवानगीशिवाय धंदा करू नये, असं 1979 चे वर्तणूक नियम सांगतात. जिल्हा परिषदेच्या कर्मचाऱ्यांसाठीही तसलेच नियम आहेत. त्यामुळे आमच्याकडे गुरुजी धंदा करत नाहीत, वहिनी करतात. होमस्टे वहिनींच्या नावावर, हापूसच्या पेट्या मेव्हण्याच्या नावावर, गाडी भाड्याने फिरते ती चुलत्याच्या नावावर. पुण्याचा फोन आला की गुरुजी वर्गाबाहेर येऊन एसी खोलीचा दर सांगतात, सुरमई थाळी वेगळी हेही सांगतात आणि परत जाऊन सरळव्याज शिकवतात. महिन्याचा पगार हे त्यांचं पावसाळ्याच्या बेगमीचं सामान. खरी शेती पर्यटकांची.

अशाच एका गुरुजींनी परवा तारकर्लीच्या स्कूबावाल्याला मुलगी द्यायला नकार दिला. ‘सीझनवारी धंदो, भरवसो काय?’ पोरगा उठून निघाला, तर गुरुजी खळ्यापर्यंत पोचवायला आले. होमस्टेला गिऱ्हाईक पाठवायचं पक्कं झालं आहे. खोलीमागे कमिशन ठरलंय, पावसात निम्मं.