किनारादर्शन योजना

वर्सोवा ते भाईंदर सागरी मार्गाचे उपनगरवासीयांनी मनःपूर्वक स्वागत करावे. चारकोप-गोराईची खाडी इतकी वर्षे तिवरांच्या गर्दीआड लपून बसली होती. आता सुमारे 45 हजार तिवरे सरकारी भाषेत ‘बाधित’ झाली, की गाडीत बसल्याबसल्या निसर्ग दिसेल. (काच मात्र उतरवू नये, खाडीचा वास योजनेत अंतर्भूत नाही.) भरपाईचे वनीकरण चंद्रपूर जिल्ह्यात, म्हणजे समुद्राच्या उपद्रवापासून सुरक्षित अंतरावर.

ज्यांच्याकडे गाडी नाही त्यांनीही नाराज होऊ नये. तिवरांची आडकाठी संपल्यावर मोठ्या भरतीला समुद्र स्वतःच तळमजल्यांच्या भेटीला येईल. 26 जुलै 2005 रोजी, सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा, याची रंगीत तालीम झालीच आहे. टोल तेव्हाही लागला नव्हता.