टेर्मीनराव

स्टुटगार्टला आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या आजोबांना आम्ही घरात टेर्मीनराव म्हणतो. 'टेर्मीन' म्हणजे ठरवून घेतलेली वेळ. दाताच्या डॉक्टरची असो की शेजारच्या कॉफीची, शब्द एकच, गांभीर्यही तेवढंच.

नवीन राहायला आलो तेव्हा, जूनमध्ये, मी त्यांना जिन्यात म्हटलं, "या की एकदा चहाला."

"कधी?"

"कधीही!"

त्यांचा चेहरा हिशेबात दहा पैसे जास्त आलेल्या कारकुनासारखा झाला. खिशातून डायरी निघाली. मी मंगळवार सुचवला. "दा कान इश लायडर निश्त." तेव्हा नाही हो जमत. का, ते सांगायचं नाही आणि कुणी विचारायचं नाही. नकार द्यायला आपल्यासारखी मावशी आजारी पाडावी लागत नाही, हे मला फार आवडलं. मग ३१वा आठवडा नको, ३२वा चालेल, असं निघालं. वर्षाच्या आठवड्यांना नंबर असतात हे मला तेव्हा कळलं. आम्ही आपले 'गणपती होऊन जाऊ देत' म्हणणारे.

"गुरुवारी मला वेळ असता," ते म्हणाले. 'इश हेट'चा अर्थ शब्दशः हाच. मी पुढच्या 'पण'ची वाट पाहत उभा. 'पण' आलाच नाही. मोकळं असल्याचं सांगायची ती सभ्य रीत होती.

परतीचं बोलावणं 'हाल्ब द्राय'चं. हाल्ब म्हणजे अर्धा, द्राय म्हणजे तीन. मी साडेतीनला हजर. केकवर जाळी झाकलेली, टेर्मीनरावांच्या कपाळावर आठ्या. तिसऱ्या तासातला अर्धा झाला की हाल्ब द्राय, म्हणजे अडीच! घरी बायको म्हणाली, "आपला अडीच तरी कुठून आलाय? अर्धतृतीय." म्हणजे मी दोन्ही भाषांत नापास.

यंदा होळीला मात्र मी तव्यावरची पुरणपोळी घेऊन सरळ त्यांची बेल दाबली. टेर्मीनबिर्मीन काही नाही. दार किलकिलं झालं. त्यांनी आधी पोळीकडे पाहिलं, मग घड्याळाकडे.

"वीस मिनिटांनी जमेल," म्हणाले आणि दार लावून घेतलं.

विसाव्या मिनिटाला आमची बेल वाजली. इस्त्रीचा शर्ट, पाणी लावून बसवलेले केस, आणि हातात स्वतःची ताटली.