समिती नेमावी, पण बेताने

मुदखेडात पतसंस्था, शाळा किंवा दुकान चालवणाऱ्याला न्यायी मालक म्हणवून घ्यायचे असेल, तर आधी हजेरीपट हाती घ्यावा. २०१३च्या लैंगिक छळ प्रतिबंधक कायद्याने दहा माणसांच्या आस्थापनेत अंतर्गत समिती सक्तीची केली आहे. तेव्हा पटावर नऊच नावे असू द्यावीत आणि दहावीला ‘मदतीला येणाऱ्या मावशी’ म्हणावे. (रोजंदारीची, कंत्राटी, बिनपगारी बाईसुद्धा कायद्याने कर्मचारीच ठरते, ते कलम वाचायची घाई नको.) दहाचा आकडा टळतच नसेल तर समिती नेमावी, कारण न नेमल्यास ५०,००० रुपयांपर्यंत दंड आहे. अध्यक्षपदी वरिष्ठ महिला हवी. संचालकांच्या सूनबाई पगारपत्रकावर असतातच. बाहेरच्या सदस्य म्हणून सूनबाईंच्या मैत्रीण चालतील. नेमणुकीचा आदेश ठळक जागी लावावा लागतो. तो साहेबांच्या केबिनमध्ये, कॅलेंडरच्या मागे लावावा. वर्षअखेरीस अहवालात ‘तक्रारी : निरंक’ लिहून सही ठोकावी.

कुणी म्हणेल, आमच्याकडे असे काही घडतच नाही, सगळे घरच्यासारखे आहेत. पण घरच्यासारखे आहेत म्हणूनच तर तोंड उघडता येत नाही. ज्याच्याविरुद्ध बोलायचे तो सूनबाईंचा मामेभाऊ निघतो. समिती आहे हेच ठाऊक नसेल तर निरंक येणारच, आणि त्यातून सिद्ध होते ते फक्त कॅलेंडरचे यश. दुसरा आक्षेप खोट्या तक्रारींचा. त्यांच्यासाठी कलम १४ आहे. मात्र तक्रार शाबित झाली नाही म्हणजे ती खोटी, असे तेच कलम मानत नाही. म्हणून कलमाचा धाक घालावा, पुढचे वाक्य वाचू नये.

खरी दक्षता लागते ती गावाभोवतीच्या फुलांच्या मळ्यांत. पहाटे गुलाब, काकडा तोडणाऱ्या बायकांना कार्यालय नाही, पट नाही. दहापेक्षा कमी माणसे असली किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असली, तर ती जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. नांदेड गाठायचे म्हणजे दिवसाची मजुरी बुडाली, एवढ्यावर मालकाने निश्चिंत राहू नये. कायद्याने तालुक्यालाच नोडल अधिकारी नेमायला सांगितले आहे. आलेली तक्रार त्याने सात दिवसांत पुढे धाडायची असते. तेव्हा त्या अधिकाऱ्याचे नाव मळ्यापर्यंत पोहोचू देऊ नये. आणि हे तर मुळीच नको: तक्रारीला तीन महिन्यांची मुदत आहे, आणि बाईला लिहिता येत नसेल तर ती लिहायला मदत करणे समितीवर बंधनकारक आहे.