ओहोटी होती, भरतीला यावे

दिवेआगरच्या घरगुती मुक्कामात पाहुण्याचा नंबर चौथा लागतो. पहिला सुपारीचा, दुसरा गाईचा, तिसरा वाडीत पाणी सोडायच्या पंपाचा. फाटकावरच्या पाटीवर हे लिहिलेलं नसतं. तिथे 'घरगुती राहण्याची व जेवणाची उत्तम सोय' एवढंच असतं. पण थंडीच्या दिवसांत गाडी अंगणात वळवून बघा, आतून कोणीतरी ओरडतंच, "अहो थांबा, सुपारी आहे!" बघावं तर अंगणभर पिकलेल्या केशरी सुपाऱ्या पसरलेल्या. एक आजी लुगडं जरा वर खोचून, पायाच्या चवड्याने त्या परतत सावकाश फिरत असतात. सुपारी वाळायला महिना-दीड महिना लागणार आणि आपण परवा जाणार. अंगण कोणाला मिळायचं यात वाद घालण्यासारखं काही उरत नाही. गाडी रस्त्याकडेला राहते.

त्याआधी फोनवर तोंडी परीक्षा झालेली असते. माणसं किती, लहान मुलं किती, दिघीच्या जंगलजेट्टीने येणार की माणगाववरून, मासे खाता का आणि आडनाव काय. शेवटचा प्रश्न जेवणाच्या अंदाजासाठी असतो असं सांगतात. मला ते कधी पटलेलं नाही. मासे खातो की नाही, ते आम्ही आदल्याच प्रश्नात सांगितलेलं असतं.

गावाची घडणच अशी की रस्त्याला लागून घर, घरामागे नारळी-पोफळीची वाडी आणि वाडी संपली की सुरूच्या झाडांपलीकडे समुद्र. १९९७ साली इथल्या एका वाडीत खोदताना सोन्याचा गणपती सापडला आणि दर्शनाला रीघ लागली. आलेला माणूस जेवणार, जेवला की लवंडणार, लवंडला की चहा मागणार. कोकणात याला धंदा म्हणायला बरीच वर्षं लागली. अजूनही काही घरांत पैसे घेताना यजमान समुद्राकडे बघतात. २०१२ मध्ये चोरांनी तो गणपती पळवला, पण तोवर लोकांना उकडीच्या मोदकांची सवय लागली होती.

मोदकांचं प्रकरण रात्रीच मिटवावं लागतं. पानं वाढता वाढता काकू विचारतात, "उद्या मोदक नग किती?" आपण सभ्यपणे माणशी दोन सांगतो. काकू पुन्हा विचारतात, "नक्की?" हीच खरी शेवटची संधी असते, पण शहरी माणसाला ती ओळखता येत नाही. दुसऱ्या दिवशी पहिल्याच मोदकाची शेंडी मोडून काकू आत तूप सोडतात, गुळाचा वाफाळता वास वर येतो आणि पलीकडच्या पंक्तीला माणशी पाच सांगितलेलं एक कुटुंब दिसतं. त्यांच्यातल्या कोणी तरी 'आता पुरे' म्हणावं म्हणून आपण मनोमन प्रार्थना करतो. कोणी म्हणत नाही. चारपाच वर्षांचं पोरगंसुद्धा नेटाने खात असतं.

पण या मुक्कामातली खरी वाचनीय गोष्ट म्हणजे ओटीवर टांगलेली अभिप्रायाची वही. इतर ठिकाणी पाहुणे लिहितात आणि मालक दुर्लक्ष करतात. आमच्या काकांनी प्रत्येक अभिप्रायाखाली लाल शाईने उत्तर दिलं होतं.

'समुद्र सांगितला त्यापेक्षा बराच लांब आहे.' खाली लाल शाईत: ओहोटी होती. भरतीला यावे.

'रात्रभर कसला तरी आवाज येत होता.' समुद्राचा. वरील पाहुण्यांना कळवावे.

'जेवणात पनीर असल्यास बरे.' फणस आहे.

'वायफाय मिळत नाही.' मिळते. ओटीवर, झोपाळ्याच्या डाव्या कडीपाशी.

'पहाटे कोणीतरी मोठ्याने भांडत होते.' आम्ही. मिटले.

मी ती वही कादंबरीसारखी वाचून काढली. वायफाय खरोखरच डाव्या कडीपाशी होतं. संध्याकाळी तिथे तीन खोल्यांतले पाहुणे झोपाळा न हलवता, एकमेकांना चिकटून बसत आणि पोरांनी झोका घेतला की तिघांचीही बोलणी तुटत.

त्याच वहीत एका पाहुण्याने विचारलं होतं, 'वाडी इतकी उजाड का?' त्याखाली फक्त एक तारीख होती: ३ जून २०२०. निसर्ग चक्रीवादळ त्या दिवशी याच किनाऱ्यावर आदळलं आणि वाड्याच्या वाड्या आडव्या झाल्या. मागच्या बाजूला अजूनही कमरेएवढाल्या बुंध्यांचे खुंट आहेत, त्यांच्यामधून नव्या पोफळी सरळ उठलेल्या आहेत. पोफळीला सुपारी धरायला पाच-सात वर्षं तरी जातात.

"मग तोवर?" मी विचारलं.

"तोवर तुम्ही लोक," काका म्हणाले. क्षणभर मला आपण फार मोठे झाल्यासारखं वाटलं. लगेच ते म्हणाले, "त्या माडाखालून जरा बाजूला व्हा. नारळ ओळख बघून पडत नाही."

नियम त्यांनी आल्याआल्याच सांगितले होते. पायाची वाळू बाहेरच्या नळावर धुवायची. ओले कपडे सुपारीच्या बाजूच्या दोरीवर नाहीत. अंघोळीचं गरम पाणी साडेआठपर्यंत. नंतर बंब थंड आणि काकू गरम. एसी रात्री दहा ते सकाळी सहा, त्यापुढे वेगळे पैसे. दुपारी वाऱ्यावर झोपावं, त्यासाठीच कोकणात आलात ना?

निघताना काकांनी कॅलेंडरच्या फाडलेल्या पानामागे बिल मांडलं. खोली, जेवणं, मोदक नगावर, वर बांधून घेतलेली आमसुलं. चहा दोन कमी दिसले म्हणून मी तसं सांगितलं.

"ते धरले नाहीत. मी माझ्यासाठी टाकला होता, तुम्ही मध्ये येऊन बसलात."

मी भारावून पाकीट काढलं. तेवढ्यात त्यांनी पेनाचं टोपण पुन्हा उघडलं आणि खाली एक आकडा वाढवला. "काल दुपारचा एसी, दोन तास."

"तुम्ही तर वाडीत होतात!"

"मीटर ओटीवर आहे," काका म्हणाले, "आणि ओटीवर आजी."