बूस्टभाऊ

माणूस गाडीचा टर्बो बदलतो तो वेगासाठी, असा सर्वसाधारण समज आहे. रावेरपुरता तरी तो चुकीचा आहे. सावदा, निंभोरा, खिर्डी, ऐनपूर या केळीच्या पट्ट्यात गेल्या काही वर्षांत एक नवा तरुण दिसू लागला आहे. त्याच्याकडे नीट पाहिलं तर ध्यानात येतं की त्याला वेगाची तशी घाई नाही. त्याला टर्बो निवडायचा असतो. बसवणं ही पुढची गोष्ट. झाली तर झाली. सोयीसाठी त्याला बूस्टभाऊ म्हणू. वय पंचवीस ते पस्तीस, शिक्षण कृषी पदविका किंवा तिसऱ्या वर्षी सोडलेलं इंजिनिअरिंग, घरी पंधरा-वीस हजार खोडं केळी आणि ओट्यासमोर एमएच १९ पासिंगची पांढरी पोलो जीटी टीएसआय. ही गाडी चाकणच्या कारखान्यात होत असे. २०२२ साली भारतात पोलो बंद झाली आणि तेव्हापासून बूस्टभाऊच्या लेखी ती वडिलोपार्जित इस्टेट झाली. सातबाऱ्यावर नाव चढवता येत नाही, एवढंच. तिच्या १.२ लिटर इंजिनाची कंपनीने दिलेली ताकद १०५ अश्वशक्ती. हा आकडा तो चारचौघांत सांगत नाही.

वेगच हवा असता तर तो तयार मिळत होता. २०१५ मध्ये फियाटने रांजणगावच्या कारखान्यातून अबार्थ पुंतो काढली होती: १४५ अश्वशक्ती, किंमत दहा लाखांच्या आतबाहेर. बूस्टभाऊने ती पाहिली, तिच्यासोबत फोटो काढला आणि घेतली नाही. २०१६ मध्ये फोक्सवॅगनने पोलोचंच जीटीआय रूप बाहेरून आणलं: १९२ अश्वशक्ती, दारं दोन, किंमत सुमारे २६ लाख. दोन दारांच्या गाडीत आजीला मागे कसं बसवायचं, असा प्रश्न घरातून आला आणि विषय मिटला. २०२४ मध्ये टाटांनी अल्ट्रोज रेसर आणली, १२० अश्वशक्तीची. तिच्याबद्दल बूस्टभाऊ चांगलं बोलतो, पण ज्या सुरात दुसऱ्याच्या बागेबद्दल बोलतात त्या सुरात. कारण उघड आहे. या गाड्यांत टर्बो कारखान्यानेच निवडून ठेवलेला होता. याच्यासाठी निवडायला काही शिल्लक नव्हतं.

निवडण्याच्या कामात मात्र तो कच्चा नाही, हे कबूल केलं पाहिजे. बाहेर फेकल्या जाणाऱ्या धुराच्या जोरावर एक चक्र फिरवायचं आणि त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चक्राने इंजिनात जास्तीची हवा कोंबायची, ही कल्पना आल्फ्रेड ब्यूखी या स्विस इंजिनिअरची, पेटंट १९०५ चं, हे त्याला पाठ आहे. तो दांडा मिनिटाला दीड-दोन लाख फेरे घेऊ शकतो, हेही पाठ आहे. २०० अश्वशक्ती काढायची तर ढोबळमानाने इंजिनाला मिनिटाला ९ किलो हवा लागते, हा हिशेब तो केळीचा ट्रक भरला जात असताना बांधावर उभा राहून करतो. समोर घडांचं वजन चालू असतं, याच्या डोक्यात हवेचं. शेजारी उभा असलेला मित्र विचारतो, “मग भो, जीटी पंचवीस टाकायचा का अठ्ठावीस?” बूस्टभाऊ लगेच उत्तर देत नाही. लगेच उत्तर दिलं तर संध्याकाळी काय बोलायचं?

दुसऱ्याच्या गाडीबाबत त्याचा सल्ला अचूक असतो. काकांच्या बोलेरो पिकअपने शिट्टी मारायला सुरुवात केली की तो नळी कुठे सुटली आहे ते बोट ठेवून दाखवतो. चढ चढून आल्यावर इंजिन लगेच बंद करू नका, मिनिटभर तसंच चालू ठेवा, नाहीतर तापलेल्या टर्बोत तेल जळून बसेल, हे त्याने अर्ध्या गावाला शिकवलं आहे. चुलतभावाला स्वतःच्या गाडीत मोठा टर्बो टाकायचा होता, तेव्हा याने त्याला तासभर समजावून परावृत्त केलं: “तुझं रनिंग किती, रस्ता कोणता, हे बघ आधी.” उत्तम प्रश्न आहेत. ते तो स्वतःला विचारत नाही, आणि माझ्या मते त्याचा सगळा स्वभाव या एका जागी सापडतो.

आता त्याची निवड चुकते कुठे ते पाहू. तो टर्बो निवडतो कमाल आकड्यावर. किती अश्वशक्ती निघेल? १८०? २००? हा आकडा इंजिनाच्या एखाद्याच टप्प्यावर, बहुधा सहा हजार फेऱ्यांच्या आसपास, क्षणभर हाती लागतो. बऱ्हाणपूरच्या लिलावात केळीला निघालेला सर्वांत वरचा भाव जसा एखाद्याच गाडीला मिळालेला असतो, तसा. तो भाव ऐकून रावेरचा कुठलाही शेतकरी हुरळत नाही. तो सरासरी विचारतो, कारण घर सरासरीवर चालतं. बूस्टभाऊही केळी विकताना सरासरीच विचारतो. बॉनेट उघडलं की मात्र त्याला फक्त वरचा भाव ऐकू येतो. त्याच्या गाडीचा कंपनीचा टर्बो लहान आहे, आणि म्हणूनच १५०० फेऱ्यांपासून ४१०० पर्यंत १७५ न्यूटन मीटरचा पूर्ण ओढा देतो. मोठा टर्बो जड असतो, त्याला जागं व्हायला जास्त धूर लागतो. छोट्या इंजिनावर तो तीन-साडेतीन हजार फेऱ्यांच्या आधी फारसा उठत नाही. आता अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्त्यावर काय घडतं ते आठवा. पुढे केळीने भरलेली ट्रॉली, तिच्यापुढे दुसरी ट्रॉली, समोरून परप्रांतातला ट्रक आणि मध्ये ओव्हरटेकला मिळालेली चार सेकंदांची फट. त्या वेळी पोलो १८०० फेऱ्यांवर असते. लहान टर्बो तिथे कामाला येतो. मोठा टर्बो उठतो तोवर फट बुजलेली असते आणि बूस्टभाऊ पुन्हा ट्रॉलीच्या मागे, २०० अश्वशक्तीसह.

शिवाय ऊन आहे. हवा तापली की विरळ होते; १५ अंशांना जेवढी हवा एका लिटरमध्ये मावते, त्यापेक्षा ४५ अंशांना सुमारे ९ टक्के कमी मावते. टर्बो हवा दाबताना ती आणखी तापवतो, ते वेगळंच. रावेरला मे महिन्याच्या दुपारी पारा ४५ च्या घरात जातो, पण बूस्टभाऊच्या चाचण्या डिसेंबरात होतात, शेतात भरीत पार्टी संपल्यावर, पहाटे तीन वाजता, थंडगार हवेत. त्यांचे निकाल वर्षभर सांगितले जातात. मेमध्ये चाचणी होत नाही. मेमध्ये वादळ येऊन बाग आडवी होईल का या काळजीत सगळं घर असतं, आणि तेव्हा टर्बोचं नाव काढण्याइतका तो निर्बुद्ध नाही.

आणि टर्बो बदलला म्हणजे काम संपलं असं होत नाही. मोठा इंटरकूलर, जास्त पेट्रोल सोडणारे इंजेक्टर, नवा पंप, संगणकाचा नवा रिमॅप, शिवाय जीटी टीएसआयचा तो सात गिअरांचा, कोरड्या क्लचचा डीएसजी, ज्याची मूळ झेपच २५० न्यूटन मीटर आहे. म्हणजे इंजिन देऊ लागलं तरी गिअरबॉक्स घेईल याची खात्री नाही. या यादीत ब्रेक शोधायला गेलात तर तळाशी सापडतील, तेही तुम्ही आठवण करून दिली तर. या गाडीला मागे अजून ड्रम ब्रेक आहेत. पण ब्रेकला आवाज नसतो, आणि ब्रेक कोणते निवडावेत यावर कुणी बांधावर दोन तास बोलत नाही.

यावर म्हणतील, पैसा त्याचा, गाडी त्याची, तुमच्या पोटात का दुखतं? कुणी दारूत घालवतं, कुणी निवडणुकीत. मुद्दा रास्त आहे. या दोन्हींपेक्षा टर्बो नक्कीच बरा. पण रस्ता त्याचा एकट्याचा नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीने ठरवलेल्या मूळ रचनेत मनाने फेरफार करता येत नाही, सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये तेच ठासून सांगितलं, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर फेरफारामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी सोय केली. दर फेरफारामागे, हे शब्द वाचून बूस्टभाऊने वरची यादी मोजली होती आणि थोडा वेळ गप्प बसला होता. दुसरा आक्षेप त्याचा स्वतःचा: जर्मनीत हे सगळं चालतं. चालतं, पण तिथे टीयूव्हीसारखी संस्था गाडी तपासून बदल कागदावर घेते, आणि भाग नुसता मोठा आहे म्हणून पास करत नाही. इथे दुपदरी रस्त्यावर मोटारीला केंद्राने २०१८ मध्ये ठरवलेली कमाल मर्यादा ताशी ७०, आणि रात्रीच्या ट्रॉलीला मागचा दिवा असेलच असं नाही. वेगाची हौसच असेल तर आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅग शर्यती झाल्या आहेत, कोईमतूर आणि चेन्नईला ट्रॅक आहेत. तिकडे जावं. तो जात नाही, कारण तिथे घड्याळ लावतात, आणि घड्याळाशी बांधावरच्या गप्पांसारखी हुज्जत घालता येत नाही.

तिसरा आक्षेप खरा वजनदार आहे. अॅक्सिलरेटर सोडल्यावर येणाऱ्या त्या ‘फुस्स’ आवाजात जो आनंद आहे, त्याची किंमत हिशेबात कशी धरणार? धरता येत नाही, मान्य. पण त्या आवाजाला नवा टर्बो लागत नाही. तो स्वस्तातही काढता येतो, आणि चौकातल्या पोरांना फरक कळत नाही.

तेव्हा निर्णय असा: रावेरच्या रस्त्याला, रावेरच्या उन्हाला आणि त्या गिअरबॉक्सला कंपनीचाच टर्बो पुरेसा आहे. अगदीच राहवत नसेल तर मूळ टर्बोच्याच घरात थोडं मोठं चक्र बसवलेला हायब्रिड, तोही आरटीओची लेखी परवानगी हातात पडली तर, आणि त्याआधी टायर व ब्रेक. हे बूस्टभाऊलाही माहीत आहे. चुलतभावाला त्याने हेच सांगितलं होतं. राहता राहिली एक सूचना, स्थळ पाहायला रावेर-सावद्याकडे येणाऱ्या मुलींसाठी. केळीची खोडं किती हे वडील विचारतीलच. तुम्ही बॉनेट उघडायला सांगा. आत टर्बो मूळचाच असेल आणि टायर नवे असतील, तर मुलगा विचार करण्यासारखा आहे.